जोमसोमची धावपट्टी आणि पाठीवरचा वारा

१६ मे २०१३ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास नेपाळ एअरलाइन्सचे ट्विन ऑटर जातीचे एक छोटे विमान पोखऱ्याहून निघून हिमालयाच्या कुशीतल्या जोमसोम या गावी उतरले. विमानात १८ प्रवासी आणि ३ कर्मचारी होते. चाके धावपट्टीला टेकली, परंतु विमान धावपट्टीच्या रेषेत राहिले नाही. ते बाजूच्या गवतात शिरले, वैमानिकाने पुन्हा हवेत झेपावण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही, आणि अखेरीस विमान कुंपण ओलांडून काली गंडकी नदीच्या काठावर जाऊन आदळले. सात जण गंभीर जखमी झाले आणि विमान कायमचे निकामी झाले. मात्र विमानातील २१ जणांपैकी एकाचाही जीव गेला नाही.

जोमसोम हे नाव मराठी घरांना अगदीच परके नाही. मुक्तिनाथाच्या यात्रेला जाणारे अनेक मराठी यात्रेकरू पोखऱ्याहून याच हवाई मार्गाने जोमसोमला पोहोचतात आणि तेथून जीपने पुढे चढतात. आपल्या देवघरातील शाळिग्रामही याच गंडकीच्या पात्रातून आलेला असतो. तरीही अशा अपघाताची बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुधा एका ओळीत, ‘विमान धावपट्टीवरून घसरले’ अशा शब्दांत. ‘घसरले’ हा शब्द वाचला की पावसात निसरड्या रस्त्यावर दुचाकी घसरावी तसे काहीतरी अचानक, नशिबाने घडले असावे असे वाटते. प्रत्यक्षात अशा बहुतेक घटनांची सुरुवात चाके जमिनीला टेकण्यापूर्वी काही मिनिटे झालेली असते, आणि जोमसोमच्या या घटनेत ती सुरुवात एका साध्या निवडीत होती: धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडून उतरायचे?

त्या निवडीचे वजन समजण्यासाठी आधी जागा डोळ्यांसमोर आणली पाहिजे. जोमसोमचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे आणि त्याची धावपट्टी जेमतेम ७३९ मीटर लांब आहे. तुलनेसाठी सांगायचे तर मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर आणि पुण्याची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. जोमसोमला एका अंगाला गाव आणि डोंगर, तर दुसऱ्या अंगाला काली गंडकीचे दगडगोट्यांनी भरलेले रुंद पात्र आहे. पश्चिमेला धवलगिरी आणि पूर्वेला अन्नपूर्णेची रांग, दोन्हींची शिखरे आठ हजार मीटरच्या वर, आणि त्यांच्यामधल्या खोल घळीतून नदी दक्षिणेकडे उतरते.

ही घळ म्हणजे वाऱ्याचा मार्ग आहे. सूर्य वर आला की उत्तरेकडची मुस्तांगची कोरडी, उघडी जमीन भराभर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी दक्षिणेकडच्या सखल भागातील थंड हवा या अरुंद घळीतून वर ओढली जाते. रुंद पात्रातले पाणी अरुंद नाल्यात शिरले की त्याचा वेग वाढतो, तसेच या हवेचे होते. दुपारपर्यंत हा वारा इतका जोर धरतो की छोट्या विमानांना तेथे उतरणे अशक्य होते, आणि म्हणून जोमसोमची विमाने पहाटे व सकाळीच ये-जा करतात. जोमसोमजवळच्या मार्फा या गावातील सपाट धाब्यांची, एकमेकांना चिकटून बांधलेली घरे आणि त्यांच्यामधले अरुंद बोळ पाहिले, तर या वाऱ्याशी माणसांनी किती पिढ्यांपासून जुळवून घेतले आहे ते कळते.

हा वारा जोमसोमला मुख्यतः नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहतो, आणि धावपट्टीही साधारण त्याच रेषेत आहे. घळीत दुसरी सपाट जागाच नसल्यामुळे तसे झाले आहे, पण त्यामुळे एक गोष्ट सोपी झाली आहे: येथे वारा बहुतेक वेळा एकतर विमानाच्या थेट समोरून येतो किंवा थेट पाठीमागून.

येथे धावपट्टीच्या क्रमांकांविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचा सारा उलगडा त्यावर अवलंबून आहे. प्रत्येक धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोठ्या आकड्यांत दोन क्रमांक रंगवलेले असतात. हे क्रमांक म्हणजे होकायंत्रावरच्या दिशेचा शेवटचा शून्य गाळून उरलेला आकडा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीला ०९ आणि २७ म्हणतात, कारण एका बाजूने उतरताना विमानाचे नाक ९० अंशांकडे, म्हणजे पूर्वेला, आणि दुसऱ्या बाजूने उतरताना २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेला असते. डांबर एकच, पण वैमानिकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या धावपट्ट्या आहेत. जोमसोमच्या धावपट्टीचे क्रमांक ०६ आणि २४ आहेत. ०६ वर उतरताना विमानाचे तोंड साधारण ईशान्येला असते आणि २४ वर उतरताना नैर्ऋत्येला. वारा नैर्ऋत्येकडून येत असेल, तर २४ वर उतरणाऱ्या विमानाला तो समोरून भेटतो आणि ०६ वर उतरणाऱ्याच्या पाठीवर बसतो.

त्या दिवशी विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने वारा नैर्ऋत्येकडून, ८ ते १२ नॉट वेगाचा असल्याचे कळवले होते. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा हा वारा ताशी १५ ते २२ किलोमीटरचा झाला. आपल्याकडे एवढ्या वाऱ्यात दोरीवरचे कपडे नीट फडफडतात, यापलीकडे कोणी त्याची दखल घेणार नाही. वैमानिकाने ०६ निवडली.

विमान समोरच्या वाऱ्यातच का उतरवायचे, हे समजण्यासाठी नावाड्याचे उदाहरण जवळचे आहे. वाहत्या नदीत नाव काठाला लावताना अनुभवी नावाडी तिचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला वळवतो. त्यामुळे वल्ह्यांभोवती पाणी जोरात वाहत राहते, नाव त्याच्या ताब्यात राहते, पण काठाच्या तुलनेत ती जवळजवळ स्थिर असते आणि अलगद टेकते. तोच नावाडी प्रवाहाबरोबर येऊ लागला, तर नाव पाण्यात तितक्याच वेगाने चालत असूनही काठावर धाडकन आदळेल.

विमानाचेही असेच दोन वेग असतात. एक हवेच्या तुलनेतला आणि दुसरा जमिनीच्या तुलनेतला. पंखाला तोलून धरण्याचे काम हवेच्या तुलनेतला वेग करतो. पंखावरून पुरेशा वेगाने हवा वाहिली नाही तर विमान तरंगू शकत नाही, आणि वाऱ्याची दिशा कोणतीही असली तरी ही किमान गरज बदलत नाही. थांबण्यासाठी लागणारे अंतर मात्र जमिनीच्या तुलनेतल्या वेगावर ठरते. समोरचा वारा हे दोन वेग एकमेकांपासून विमानाच्या फायद्याचे वेगळे करतो. पाठीवरचा वारा तोट्याचे.

जोमसोमसारख्या उंच ठिकाणी यात आणखी एक भर पडते. तेथील हवा विरळ आहे. सर्वसाधारण तापमानाला तिची घनता समुद्रसपाटीवरील हवेच्या साधारण तीन चतुर्थांश भरते. विरळ हवेतून तेवढाच उचल मिळवायचा तर विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने जावे लागते. गंमत अशी की वैमानिकासमोरचे वेगमापक यंत्र हवेच्या दाबावरच चालत असल्याने त्याला ही वाढ दिसत नाही. यंत्र ७० नॉट दाखवत असते आणि विमान त्या हवेतून खरोखर सुमारे ८० नॉटने जात असते. पंखाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. चाकांच्या आणि ब्रेकच्या दृष्टीने मात्र बदललेले असते.

आता हे आकडे एकत्र मांडून पाहू. हे त्या विमानाच्या नोंदींतील आकडे नव्हेत, समजण्यासाठी घेतलेले आहेत. यंत्रावर ७० नॉट, म्हणजे तेथील हवेत खरे ८०. वारा १० नॉटचा. तो समोरून असेल तर चाके टेकताना जमिनीवरचा वेग ७० नॉट, पाठीमागून असेल तर ९० नॉट. वारा तोच, विमान तेच, वैमानिकाचे यंत्र तोच आकडा दाखवत आहे, आणि तरीही दोन टोकांमध्ये २० नॉटचा फरक पडला. दहा नॉटचा वारा पाठीवर घेणे म्हणजे दहा नॉटचे नुकसान असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात समोरच्या दहा नॉटची मदत सोडून देऊन वर दहा नॉटचे ओझे घेतलेले असते.

वीस नॉट हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे, कारण धावत्या वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ७० चा वर्ग ४,९०० आणि ९० चा ८,१००. म्हणजे पाठीवरच्या वाऱ्यात उतरलेल्या विमानात सुमारे ६५ टक्के अधिक ऊर्जा असते, आणि ती सगळी ब्रेक, टायर आणि उलट फिरवलेला पंख्याचा (प्रॉपेलरचा) जोर यांना मिळून जिरवावी लागते. ज्या रेट्याने ७० नॉटवरून विमान ३०० मीटरमध्ये थांबते, त्याच रेट्याने ९० नॉटवरून थांबायला जवळपास ५०० मीटर लागतात. मुंबईच्या साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीवर हे जास्तीचे २०० मीटर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. जोमसोमच्या ७३९ मीटरमध्ये ५०० मीटर असे गेले की उरतात २३९ मीटर.

हे २३९ मीटर म्हणजे किती वेळ? ९० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ४६ मीटर. म्हणजे पाच सेकंदांपेक्षा किंचित अधिक. धावपट्टीच्या सुरुवातीच्या टोकापासून चाके टेकेपर्यंत वैमानिकाच्या हाती एवढाच वेळ असतो, आणि नेमका याच टप्प्यावर विमान जमिनीलगत तरंगत राहण्याचा हट्ट धरते. उतरताना शेवटच्या क्षणी नाक थोडे वर उचलून विमानाचा खाली येण्याचा वेग कमी केला जातो, म्हणजे चाके आपटत नाहीत. पण पंख जमिनीच्या अगदी जवळ आले की पंख आणि जमीन यांच्यामधल्या हवेमुळे पंखांना होणारा विरोध कमी होतो आणि विमान खाली बसण्याऐवजी पुढे पुढे वाहत राहते. वेग थोडा जरी जास्त असेल तर हे तरंगणे लांबते. तीन सेकंद तरंगणे म्हणजे जवळजवळ १४० मीटर धावपट्टी मागे पडणे.

पाठीवरचा वारा ही चूक घडवून आणण्यासही मदत करतो. तो विमानाला पुढे ढकलत असल्यामुळे उतरण्याची वाट नेहमीपेक्षा सपाट होते आणि वैमानिकाला आपण प्रमाणापेक्षा उंच आहोत असे दिसते. ते सुधारण्यासाठी तो नाक खाली करतो, नाक खाली केले की वेग वाढतो, आणि वाढलेला वेग शेवटी धावपट्टीवरच्या तरंगण्यात बाहेर पडतो. शिवाय जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे जाताना दिसते, तेव्हा आपण फार वेगात आहोत असे वाटून काही वैमानिक वेग गरजेपेक्षा कमी करून बसतात, जे त्याहून धोक्याचे आहे. बहुतेक प्रवासी विमानांच्या पुस्तिकांमध्ये पाठीवरच्या वाऱ्याची कमाल मर्यादा सहसा १० नॉट दिलेली असते, ती या सगळ्या कारणांनी. ८ ते १२ नॉटचा वारा म्हणजे ती मर्यादा कधी आत, कधी बाहेर.

ट्विन ऑटर हे विमान मुळात अशाच जागांसाठी बनवलेले आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कॅनडातील डी हॅविलँड कंपनीच्या या विमानाने १९६५ मध्ये पहिले उड्डाण केले आणि आजही आखूड, कच्च्या, डोंगरी धावपट्ट्यांवर त्याला तोड सापडत नाही. त्याचे पंख मोठे आहेत, चाकांचे पाय स्थिर आणि दणकट आहेत, आणि त्याच्या दोन पंख्यांची पाती चाके टेकल्यावर उलट कोनात वळवून विमानाला मागे रेटता येते. आखूड जागेत उतरण्याची त्याची एक खास पद्धत आहे: पंखामागच्या झडपा पूर्ण उघडायच्या, वेग अगदी मोजून कमी ठेवायचा, इंजिनाच्या जोरावर उतार सांभाळायचा आणि विमान धावपट्टीच्या सुरुवातीलाच ठामपणे टेकवायचे. या पद्धतीत मऊ लँडिंगला किंमत नाही. ठरलेल्या जागी टेकण्याला आहे. प्रवाशांना असे लँडिंग आदळल्यासारखे वाटते, पण डोंगरी धावपट्टीवर तेच उत्तम लँडिंग असते.

टेकल्यानंतर विमान सरळ का राहिले नाही, हा पुढचा प्रश्न आहे. मोटारीला दिशा देतात तिची चाके. विमान वेगात असताना त्याला दिशा देते ती शेपटीवरची उभी पट्टी, जिला सुकाणू म्हणता येईल, आणि ती काम करते तिच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. विमान मंदावत जाते तसतशी ही पट्टी निकामी होत जाते आणि चाकांना काम हाती घ्यावे लागते. या हस्तांतराच्या वेळी प्रत्येक विमान थोडे दुबळे असते. पाठीवरचा वारा हा दुबळा काळ लांबवतो. जमिनीवर विमान ४० नॉटने धावत असते, म्हणजे अजून चांगलेच वेगात असते, पण दहा नॉटचा वारा मागून येत असल्याने शेपटीला मात्र ३० नॉटचीच हवा मिळते. समोरून वारा असता तर तिला ५० नॉटची मिळाली असती. वारा अगदी सरळ मागून न येता थोडा तिरका असेल तर तो शेपटीला एका बाजूला ढकलतो आणि नाक दुसऱ्या बाजूला वळते. अशा वेळी एका चाकाचा ब्रेक किंचित जास्त लागला किंवा दोन पंख्यांचा उलटा जोर क्षणभर असमान झाला, तरी विमान रेषा सोडू शकते.

अठरा-वीस मीटर रुंदीच्या पट्टीवर रेषा सोडायला एखाद-दोन सेकंद पुरतात. त्या दिवशी विमान गवतात गेले.

येथपर्यंत झाले ते वाईट होते, पण माझ्या मते निर्णायक नव्हते. गवतात गेलेले विमान तेथेच थांबवले असते, तर चाक मोडले असते, पंखा वाकला असता, आणि कदाचित प्रवासी पायऱ्यांवरून खाली उतरले असते. पण वैमानिकाने जोर वाढवून पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न केला. ही प्रतिक्रिया माणूस म्हणून समजण्यासारखी आहे. वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते की लँडिंग बिघडत असेल तर पुन्हा वर जा, वळसा घाल आणि नव्याने प्रयत्न कर. याला गो-अराउंड म्हणतात, आणि तो निर्णय घेणाऱ्याला कोणी दोष देत नाही. मात्र हा सल्ला चाके टेकण्याच्या आधीचा आहे, किंवा टेकल्यानंतरच्या पहिल्या क्षणांचा, जेव्हा वेग अजून हाती असतो. एकदा मंदावलेल्या विमानाला पुन्हा उडवणे म्हणजे नव्याने उड्डाण करणे, आणि त्यासाठी नव्याने धावपट्टी लागते.

आता पुन्हा त्याच हिशेबाकडे या. उडण्यासाठी यंत्रावर ७० नॉटच्या आसपास वेग हवा, तर विरळ हवेत तो खरा ८० होतो, आणि वारा अजूनही पाठीवरच असल्याने जमिनीवर ९० नॉट गाठावे लागतात. गवताने चाके धरलेली, धावपट्टीचा बराच भाग मागे गेलेला, विरळ हवेत पंख्यांची ओढही कमी, आणि नुकताच मंदावण्यासाठी वापरलेला जोर पुन्हा पुढच्या दिशेला आणण्यात गेलेले काही क्षण. ज्या वाऱ्याने थांबणे अवघड केले होते त्याच वाऱ्याने उडणेही अवघड केले. चौकशी आयोगाने अपघाताचे संभाव्य कारण सांगताना नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवले: आखूड धावपट्टीवर उतरण्याची पद्धत वैमानिकाने योग्य रीतीने पाळली नाही, आणि पुरेसा वेग, पुरेसा उचल व पुरेशी धावपट्टी यांपैकी काहीच हाती नसताना पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला.

मग २४ क्रमांकाची, समोरच्या वाऱ्याची बाजू सोडून ०६ का निवडली गेली? वैमानिकाच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही, पण नकाशा पाहिला तर या निवडीची ओढ कोठून येते ते कळते. पोखऱ्याहून येणारे विमान घळीतून नदीच्या उलट दिशेने वर येते आणि ०६ त्याच्या अगदी नाकासमोर असते. २४ वर उतरायचे तर धावपट्टी ओलांडून पुढे जावे लागते, डोंगरांच्या मध्ये अरुंद जागेत पूर्ण वळण घ्यावे लागते आणि मग उलट तोंडाने खाली यावे लागते. त्यात काही मिनिटे जातात, इंधन जाते, आणि डोंगराच्या भिंतीजवळ वळण्याचा ताणही असतो. सकाळी वारा मंद असताना सरळ समोरची बाजू घेणे अनेकदा निभावूनही जाते. निभावलेल्या प्रत्येक खेपेने पुढच्या खेपेचा धोका मनात थोडा लहान होतो, आणि वारा दोन नॉट असताना लागलेली सवय तो दहा नॉट झाला तरी हात सोडत नाही. टॉवर वारा सांगू शकतो, बाजू सुचवू शकतो. उतरण्याचा अंतिम निर्णय कप्तानाचा असतो. अशा वेळी शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने स्पष्ट शब्दांत आक्षेप घेणे हा शेवटचा अडसर उरतो, आणि ज्येष्ठ-कनिष्ठ भाव जेथे खोल रुजलेला आहे तेथे तो अडसर फार पातळ असतो. आपल्या समाजात राहणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पाठीवरचा वारा नेहमीच निषिद्ध असतो असे मात्र नाही, आणि याचे उत्तम उदाहरण नेपाळमध्येच आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्ला येथील धावपट्टी केवळ ५२७ मीटर लांब आहे, आणि योगायोगाने तिचेही क्रमांक ०६ व २४ आहेत. पण ती ११.७ टक्के चढाची आहे, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सुमारे ६२ मीटर चढते. तेथे विमाने नेहमी चढाच्या दिशेने, ०६ वर उतरतात आणि उताराच्या दिशेने, २४ वरून उडतात. वारा कोणताही असला तरी यात बदल नाही. कारण गणितात आहे. जवळजवळ ६८ नॉटने धावणाऱ्या विमानाची सगळी ऊर्जा ६२ मीटर उंची चढण्यात खर्च होते, म्हणजे ब्रेक न लावताही चढच विमानाचा बराचसा वेग खातो. अर्थात धावपट्टीच्या शेवटी डोंगराची भिंत असल्याने एका ठरावीक बिंदूनंतर तेथे परत वर जाण्याची सोयच नाही. लुक्लाला चढ थांबवतो, जोमसोमला वारा थांबवतो. आणि प्रत्येक धावपट्टीला तिची स्वतःची ही मदत ओळखूनच उतरावे लागते.

अशा घटनेनंतर होणाऱ्या चौकशीचे स्वरूपही आपल्याकडे नीट समजून घेतले जात नाही. १९४४ च्या शिकागो करारावर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमान अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो. दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नसतो. त्यामुळे अहवालात ‘संभाव्य कारण’ म्हणून वैमानिकाची कृती लिहिलेली असली, तरी तो न्यायालयाचा निकाल नव्हे. तो वाचताना ‘चूक कोणाची’ याच्या पुढे जाऊन ‘ही चूक त्या ठिकाणी सोपी का झाली’ हे शोधले, तर अहवालाचा खरा उपयोग होतो. प्रशिक्षण, कंपनीचे नियम, वाऱ्याच्या मर्यादेचे काटेकोर पालन आणि सहवैमानिकाला बोलण्याची मुभा, या सगळ्या गोष्टी त्या एका ओळीच्या मागे उभ्या असतात.

२१ जण वाचले याचेही श्रेय त्याच ऊर्जेच्या वर्गाला द्यावे लागते, कारण तो दोन्ही बाजूंनी काम करतो. विमान धावपट्टी सोडताना उडण्याच्या वेगाच्याही खाली होते, आणि वेग जितका कमी तितका आघात वेगाच्या वर्गाने कमी होतो. याच मार्गावर २९ मे २०२२ रोजी तारा एअरचे ट्विन ऑटर विमान पोखऱ्याहून जोमसोमला जाताना वाटेतच डोंगराला धडकले आणि महाराष्ट्रातील प्रवाशांसह सर्व २२ जण मृत्युमुखी पडले. ती घटना लँडिंगची नव्हती. ते विमान हवेत उड्डाणाच्या वेगात होते. दोन्ही बातम्या एकाच शीर्षकाखाली, ‘जोमसोमच्या विमानाला अपघात’ अशा छापता येतील, पण त्यांची कारणे, त्यांचे भौतिकशास्त्र आणि त्यांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

मुक्तिनाथाला निघालेल्या यात्रेकरूला हे सारे पोखऱ्याच्या विमानतळावर सकाळी प्रत्यक्ष पाहता येते. आकाश निरभ्र असते, माच्छापुछ्रेचे शिखर उन्हात चमकत असते, आणि तरीही नऊच्या सुमारास जोमसोमची विमाने आज जाणार नाहीत असे सांगण्यात येते. पैसे परत मिळतात की नाही यावरून वादावादी सुरू होते. तेवढ्या वेळात पलीकडे, डोंगराआड, जोमसोमच्या धावपट्टीजवळ खांबाला बांधलेली वारा दाखवणारी कापडी नळी हळूहळू वर उचलली जात असते. वारा साधारण १५ नॉटचा झाला की ती पूर्ण आडवी होते, आणि तिचे निमुळते टोक ईशान्येकडे असते.